बाळंतपण, गर्भपात आणि बाईची सही : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला वकिली करते. दिवसभराची प्रकरणं बहुतेक जमीन-मालमत्तेची असतात, पण संध्याकाळी घरी येणारे प्रश्न वेगळे असतात. राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग, लोकमान्यनगर इथल्या काकू-मावश्या आपल्या लेकीसुनांना घेऊन येतात. पुण्याला किंवा नागपूरला दिलेली मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की तिची आई येते, आणि दार लोटून घेतल्यावर हळू आवाजात विचारते. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की ते एकदा लिहून काढावेत असं वाटलं. इथे मी कायद्याचं सांगते आहे. औषधाचं आणि उपचाराचं डॉक्टरांनाच विचारा.

गर्भपाताला नवऱ्याची सही लागते का?

नाही. बाईला अठरा वर्षं पूर्ण झालेली असतील तर तिची एकटीची संमती पुरते. अपवाद फक्त मानसिक आजारी स्त्रीचा. तिथे पालकाची संमती लागते. हे १९७१ च्या एमटीपी कायद्याच्या, म्हणजे गर्भपाताच्या कायद्याच्या कलम ३, पोटकलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. संमतीचा सरकारी नमुना म्हणजे 'फॉर्म सी'. त्यात नवऱ्याच्या सहीची जागाच नाही.

तरीही काउंटरवर सांगतात, "पति के साइन लाओ, तभी होगा." नर्सिंग होमला भीती असते ती नवऱ्याने नंतर येऊन गोंधळ घालण्याची. एका नवऱ्याने खरंच तसं केलं होतं. आपल्याला न विचारता गर्भपात झाला म्हणून त्याने बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नकार दिला. तेव्हा डॉक्टरांनी घाबरण्याचं कारण उरलेलं नाही. सही मागितलीच तर शांतपणे म्हणा, "कोणत्या नियमाने लागते ते लिहून द्या." तसं लिहून देणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

म्हणजे गर्भपाताचा निर्णय पूर्णपणे बाईचा, असंच ना?

असं बहुतेकींना वाटतं, पण कायदा तसा नाही. या पानावरचं हे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. करणाऱ्याला शिक्षा होती आणि करवून घेणाऱ्या बाईलाही. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, म्हणून १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पण या कायद्याने गुन्हा रद्द केला नाही. अमुक परिस्थितीत, अमुक डॉक्टरने, अमुक जागी गर्भपात केला तर त्या डॉक्टरला गुन्हेगार धरू नये, एवढंच त्याने सांगितलं. संरक्षण मिळालं ते डॉक्टरला, आणि त्या संरक्षणाच्या आडून बाईला वाट मिळाली. जुलै २०२४ मध्ये दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी तो गुन्हा आता कलम ८८ म्हणून तसाच उभा आहे.

याचा व्यवहारात अर्थ असा, की सहाव्या आठवड्यातही "मला नको आहे" हे कारण कायद्याला पुरत नाही. गर्भ राहिल्याने तिच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होईल, असं डॉक्टरचं प्रामाणिक मत व्हावं लागतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं, वीस ते चोवीसमध्ये दोघांचं, आणि तेही ठरावीक स्त्रियांसाठीच; ती यादी पुढे दिली आहे. एक मोठी सोय मात्र आहे: वीस आठवड्यांपर्यंत संततिनियमनाचं साधन फसल्याने गर्भ राहिला असेल, तर त्याचा मनस्ताप म्हणजे गंभीर मानसिक इजाच, असं कायदा धरून चालतो. पूर्वी ही सोय फक्त लग्न झालेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला होती. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द घातले. त्यामुळे डॉक्टरशी बोलताना साधन फसलं असेल तर ते स्पष्ट सांगा, लाजू नका.

मला स्वतःला वाटतं की निदान पहिल्या बारा आठवड्यांत तरी बाईची इच्छा पुरेशी असायला हवी. कायद्याच्या दुरुस्तीच्या २०१४ च्या मसुद्यात तशी तरतूद होती. त्याचं काय झालं ते पुढे सांगितलं आहे.

लग्न झालेलं नाही. सरकारी दवाखान्यातून हाकलून देतील का?

हाकलू शकत नाहीत. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित बाईला वगळणं घटनेला धरून नाही. त्याच निकालात, या कायद्यापुरतं, बलात्कारात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही धरली गेली. ही दुसरी गोष्ट फार थोड्या बायकांना ठाऊक आहे. वीस ते चोवीसच्या यादीत आणखी कोण आहे, तर लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग आणि मानसिक आजारी स्त्रिया, गर्भात मोठा दोष असलेल्या, आणि आपत्तीत सापडलेल्या.

नाव बाहेर जाण्याची भीती असेल तर तेही कायद्याने बांधलेलं आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव-गाव ज्याला कायद्याने अधिकार नाही अशा कुणाला डॉक्टरने सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मुलगी सतरा वर्षांची आहे. पोलिसांत जावंच लागेल का?

अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची संमती लागते. आणि पोक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, डॉक्टरला पोलिसांना कळवावंही लागतं. याच भीतीने घरचे मुलीला भलत्याच ठिकाणी घेऊन जातात आणि तिचा जीव धोक्यात घालतात. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने यावर वाट काढली आहे: मुलीने किंवा पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने खबर देताना तिचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही. डॉक्टरला ठाऊक नसेल तर निकालाची प्रत सोबत न्या.

चोवीस आठवडे उलटून गेले तर?

गर्भात गंभीर दोष असेल तर राज्याने नेमलेलं वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. नियमाप्रमाणे अर्ज आल्यापासून तीन दिवसांत त्यांनी हो की नाही सांगायचं, आणि परवानगी दिली तर पाच दिवसांच्या आत गर्भपात सुखरूप व्हावा हे पाहायचं. बाईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागणारा गर्भपात सोडला, तर दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. आपल्याकडे त्यासाठी खंडपीठ इंदुरातच आहे, जबलपूरला जावं लागत नाही.

पण न्यायालय ऐकेलच असं मानू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई असलेली सत्तावीस वर्षांची एक बाई सर्वोच्च न्यायालयात गेली. मागच्या बाळंतपणानंतर तिला नैराश्याने घेरलं होतं. अंगावर पाजत असल्याने पाळी आली नव्हती, म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलं. आधी परवानगी मिळाली. मग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरने लिहिलं की गर्भ जगण्याजोगा आहे, त्याचं हृदय आधी थांबवायचं का ते सांगा. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, प्रकरण सरन्यायाधीशांच्या पीठाकडे गेलं आणि १६ ऑक्टोबरला नकार आला. आठवडा-पंधरा दिवसांच्या त्या काळात तिच्या शरीरात काय चाललं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. डॉक्टरची शंका खोटी नव्हती. पण सगळी चर्चा जगण्याजोग्या गर्भाभोवती फिरली आणि ती बाई कडेला राहिली.

२०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात न्यायालयाने मंडळांना बजावलं की फक्त कायद्याच्या चौकटी तपासून थांबू नका, तिच्या शरीरामनावर काय परिणाम होईल तेही लिहा, आणि तिचं स्वतःचं मत विचारा. अर्ज करणार असाल तर हे दोन मुद्दे अर्जात घातलेच पाहिजेत.

गोळ्या मेडिकलवरून आणून घेतल्या तर चालतं का?

नको. नियमाप्रमाणे गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच आणि पात्र डॉक्टरच्या देखरेखीखाली. चिठ्ठीशिवाय घेतलेली गोळी बहुतेक वेळा काम करते, पण गर्भ नळीत असेल किंवा रक्तस्राव थांबला नाही तर जीव जातो. रक्त जास्त जात असेल तर काही लपवू नका, सरळ सरकारी एमवाय हॉस्पिटल गाठा. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

सोनोग्राफीच्या कायद्यामुळे गर्भपातही बेकायदा झाला आहे ना?

हा घोळ इतका पसरला आहे की शिकलेली माणसंही तो करतात. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा मुलगा की मुलगी हे सांगण्याला आणि विचारण्याला बंदी घालतो. एमटीपी कायदा गर्भपात कुठे, कधी, कोणी करायचा ते ठरवतो. भिंतीवरच्या पाट्यांमुळे आणि अधूनमधून पडणाऱ्या धाडींमुळे दोन्ही डोक्यात एक झालं. परिणाम असा, की चौथ्या-पाचव्या महिन्यात खरी अडचण घेऊन आलेल्या बाईलाही डॉक्टर दारातून परत पाठवतात.

स्त्रीरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना फॉग्सी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. फॉर्म एफ, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, भरताना झालेली लहानशी चूक आणि लिंगनिदानाचा गुन्हा यांना एकच शिक्षा नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मे २०१९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. डॉक्टरांची तक्रार मला समजते, पण निकाल बरोबर आहे असं माझं मत आहे. बंद खोलीत कुजबुजून सांगितलेल्या दोन शब्दांचा पुरावा कुठून आणणार? हातात येतो तो फॉर्मच.

आणि घरचे "पुन्हा मुलगीच आहे, खाली कर" म्हणून मागे लागले असतील तर हेही लक्षात ठेवा: बाईच्या संमतीशिवाय गर्भपात करवणं हा न्याय संहितेच्या कलम ८९ चा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, किंवा जन्मठेप.

डॉक्टरांच्या संघटना बायकांच्या बाजूने आहेत की विरुद्ध?

एका शब्दात सांगता येणार नाही. इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आयएमए, १९२८ ची. फॉग्सी १९५० ची. दोन्ही व्यावसायिकांच्या संघटना आहेत, सभासदांचं हित बघणं हे त्यांचं काम. बाईचं हित आणि डॉक्टरचं हित एकाच दिशेला असतं तेव्हा त्या बाईच्या मोठ्या कामाच्या ठरतात. फॉग्सीने 'मान्यता' नावाचा कार्यक्रम चालवला, खासगी प्रसूतिगृहांनी पाळायचे सोळा निकष ठरवले. ते चांगलं काम आहे. नर्सिंग होम निवडताना "मान्यता आहे का" असं जरूर विचारा.

दिशा वेगळ्या झाल्या की काय होतं तेही पाहा. २०१४ मध्ये सरकारने एमटीपी कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात दोन मोठ्या गोष्टी होत्या. एक, बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या विनंतीवरून गर्भपात. दोन, प्रशिक्षित नर्स, एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) आणि आयुर्वेद-होमिओपॅथीच्या डॉक्टरांनाही परवानगी. दुसऱ्या मुद्द्यावर आयएमएने जोरदार विरोध केला. त्यांच्या काळजीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात प्रशिक्षित नर्स आणि मिडवाइफ (बाळंतपणाचं शिक्षण घेतलेल्या परिचारिका) सुरक्षितपणे करू शकतात असं सांगितलं होतं. मसुदा पुढे सरकला नाही. २०२१ ची दुरुस्ती आली तेव्हा नर्स नव्हत्या, आणि बाईच्या विनंतीचं ते वाक्यही नव्हतं. कोणी करायचं या भांडणात कोणी ठरवायचं हा प्रश्न विसरला गेला. संसदेत त्याबद्दल आग्रह धरणारं पुरेसं कोणी नव्हतं, म्हणून दोष एकट्या डॉक्टरांना देता येत नाही.

त्याची किंमत कोण मोजतं ते पाहायचं असेल तर सकाळी गंगवाल बस स्टँडवर जा. झाबुआ, अलीराजपूर, धारहून आलेल्या बसमधून उतरणाऱ्या कितीतरी बायका इंदूरला डॉक्टर गाठायला आलेल्या असतात. त्यांच्या तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, आणि जी नर्स आहे तिला कायदा हात लावू देत नाही.

बाहेरच्या देशांतही हीच ओढाताण आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २००८ मध्ये घरच्या बाळंतपणाविरुद्ध ठराव केला आणि त्या धर्तीवर कायदा व्हावा म्हणून पावलं टाकायचं ठरवलं. तिथल्याच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुढे आपल्या निवेदनात म्हटलं की रुग्णालय अधिक सुरक्षित आहे हे खरं, पण माहिती घेऊन निर्णय करण्याचा हक्क बाईचाच आहे. सल्ला ठामपणे देणं आणि तो कायद्याने लादणं यात हाच फरक आहे.

मग इथे घरी बाळंतपण करता येतं का?

घरी बाळंत होणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, एवढं बंधन. पण मी कुणालाही हा सल्ला देणार नाही, आणि त्याचं कारण आपल्या राज्याचे आकडे. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, मध्य प्रदेशात १७३. राज्यांत आसामखालोखाल आपण. परदेशात घरी येणाऱ्या मिडवाइफच्या मागे रुग्णालय आणि रुग्णवाहिका उभी असते, तशी व्यवस्था इथे नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२३ मध्ये नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला. ते खऱ्या अर्थाने उतरलं तर बायकांना खरी निवड मिळेल. आज "घर की दवाखाना" यापेक्षा "दवाखान्यात माझं कोण ऐकणार" हा प्रश्न मोठा आहे.

आपल्या इंदूर खंडपीठाने २०१२ मध्ये मातामृत्यूंबद्दलच्या जनहित याचिकेत सांगितलं की बाई गरोदरपणात आणि बाळंतपणात वाचत नसेल तर तो घटनेच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि तिला वाचवणं हे सरकारचं पहिलं कर्तव्य आहे. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

सिझरला नाही म्हणता येतं का? किंवा मीच सिझर मागू शकते का?

शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या संमतीशिवाय तिच्यावर शस्त्रक्रिया करता येत नाही. २००८ चा समीरा कोहली खटला या बाबतीत महत्त्वाचा आहे. दुर्बिणीतून फक्त तपासणी करायची म्हणून भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले, तेही बाहेर बसलेल्या तिच्या आईच्या होकारावर. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, मग आईची संमती चालत नाही. डॉक्टरला फी नाकारली आणि पंचवीस हजार भरपाई द्यायला लावली. रक्कम लहान होती, पण तत्त्व पक्कं झालं. सासूबाईंची, आईची किंवा नवऱ्याची सही बाईच्या सहीची जागा घेत नाही. बाळंतिणीला सोडून बाकी सगळ्यांना विचारण्याची आपल्या घरांतली रीत त्यामुळे कायद्यात बसत नाही.

बाळाचे ठोके खाली जात असताना "नको" म्हणण्याचा हक्क आहे, पण तो वापरण्याआधी डॉक्टर काय सांगताहेत ते नीट ऐका. खरी अडचण वेगळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी रुग्णालयांत शंभरात सुमारे चौदा बाळंतपणं सिझरची होती, खासगीत सत्तेचाळीस. खासगीत अवघड केसेस जास्त येतात असं म्हणतात, पण तिपटीपेक्षा मोठी तफावत एवढ्याने समजत नाही. त्यात डॉक्टरांच्या वेळेची सोय आहे, खटल्याची भीती आहे, मुहूर्त काढून आणणारे नातेवाईक आहेत, आणि कळांची धास्ती घेतलेल्या मुलीही आहेत.

म्हणून संमतीचं बोलणं कळा सुरू झाल्यावर नको, सातव्या-आठव्या महिन्यात करा. डोहाळजेवणाची तयारी चालू असते तेव्हाच एक दिवस डॉक्टरकडे याच कामासाठी जा. विचारा: तुमच्याकडे शंभरात किती सिझर होतात? कोणत्या कारणाने कराल? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? पहिलं सिझर असेल तर दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करू देता का? गर्भाशयाच्या खालच्या भागावर एकच आडवा छेद असलेल्या आणि इतर अडचण नसलेल्या बायकांत असे प्रयत्न साधारण साठ ते ऐंशी टक्के यशस्वी होतात. टाका उकलण्याचा धोका शंभरात एकाहून कमी, पण घडला तर गंभीर. म्हणून तातडीने सिझर करू शकेल अशीच जागा हवी. या प्रश्नांवर डॉक्टर चिडले तर तेही एक उत्तरच समजा.

स्वतःहून सिझर मागणाऱ्या मुलीला हिणवू नका. तिला धोके सांगून, कळा कमी करण्याचे उपाय सांगून मग ठरवू द्या.

कळा देताना आई सोबत राहू शकते का?

हो. २०१६ पासून केंद्राने सरकारी प्रसूतिगृहात सोबतीला एक बाई राहू देण्याची मुभा दिली आहे आणि प्रसूतिगृहं सुधारण्याच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. जिला बाळंतपणाचा अनुभव आहे आणि जी रडत बसणार नाही, अशी आत्या किंवा मावशी निवडा. खासगीत आधी विचारून ठेवा.

लेबर रूममध्ये ओरडणं, थापडा मारणं, पोट दाबणं, न सांगता टाका घालणं... याचं काय करायचं?

हे ऐकलं नाही असा महिना जात नाही. "तेव्हा मजा आली, आता ओरडतेस" हे वाक्य मला वेगवेगळ्या वयाच्या इतक्या बायकांनी सांगितलं आहे की त्याचा राग शमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये याला हक्कभंग म्हटलं. २०१८ च्या शिफारशींत बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर दाब देऊ नये, सरसकट छेद घेऊ नये, बाईला चालू-फिरू द्यावं, हवं तर पाणी-खाणं घेऊ द्यावं, असं सांगितलं आहे. व्हेनेझुएलाने २००७ मध्ये स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या कायद्यात अशी वागणूकही घातली. आपल्याकडे तसा कायदा नाही. आमदार-खासदार मत मागायला दारात येतात तेव्हा हे विचारण्यासारखं आहे.

सोबत असलेल्या बाईने कोण, किती वाजता, काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून ठेवावं.

नसबंदीला आणि कॉपर टीला कुणाची परवानगी?

इथे नियमच एकमेकांशी भांडतात. सरकारी नसबंदी सेवेच्या निकषांत जोडीदाराची संमती लागत नाही असं साफ लिहिलं आहे. बाई विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असावी, बावीस ते एकोणपन्नास वर्षांची, आणि एक मूल निदान वर्षाचं झालेलं असावं. पण डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम म्हणतात की वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला नवरा-बायको दोघांची संमती हवी. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते तीन आठवड्यांत स्थगित झाले, म्हणून जुनेच चालू आहेत. खासगी डॉक्टर त्यावर बोट ठेवतो. सरकारी रुग्णालयात गेलात तर सरकारी निकष दाखवा.

कॉपर टीला बाईची संमती पुरते. पण ती असायलाच हवी. बाळंतपणानंतर न सांगता बसवली असेल तर ते चूक आहे. काढून मागा, आणि डिस्चार्ज कार्ड घरी आल्यावर नीट वाचा.

देशात नसबंदी झालेल्या बायका शंभर विवाहित बायकांत जवळपास अडतीस, आणि पुरुषांची नसबंदी हजारात तीन. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असते हे कुठलाही सर्जन सांगेल. २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिरानंतर तेरा बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

दोनच मुलांचा नियम आपल्याला लागू आहे का?

मध्य प्रदेशात पंचायत निवडणुकीसाठीचा नियम २००० मध्ये आला आणि २००५ मध्ये काढला. सरकारी नोकरीसाठीचा नियम २६ जानेवारी २००१ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलाबद्दलचा होता. अर्ज भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेले नियम वाचा. अशा नियमांचा भार शेवटी बाईच्या पोटावर येतो. पहिल्या दोन मुली असल्या की घरात काय बोललं जातं, ते सांगायला नको.

डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली आहे. काढावी का?

दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय नाही. अंगावरून जाणं, पाठ दुखणं एवढ्यावर गर्भाशय काढलं जातं हे बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्ताने २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला आहे. वय चाळिशीच्या आत असेल तर जास्तच थांबा. "मुलं झाली, आता काय करायची आहे पिशवी" हे वैद्यकीय कारण नाही.

तक्रार कुठे करायची?

आधी कागद मिळवा. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत केस पेपरची प्रत द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आदेश आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

खासगी नर्सिंग होमची तक्रार जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकाऱ्याकडे. नोंदणी तिथेच होते. डॉक्टरच्या वागण्याबद्दल भोपाळला मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलकडे, पण तिथे भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येऊ नये म्हणून आयएमए सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली होती आणि १९९५ मध्ये हरली, त्यामुळे हा दरवाजा उघडा आहे. मुदत दोन वर्षांची. सगळ्यांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही. त्यासाठी १८१ ची सीएम हेल्पलाइन, राज्य मानवी हक्क आयोग किंवा उच्च न्यायालय.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे आणि खंडपीठासाठी वेगळी समिती आहे. जाताना कागदांची झेरॉक्स न्या आणि मूळ कागद कुणाकडेही ठेवून येऊ नका.